तीन ठिकाणची गळती

गाडी आम्हा दोघांची होती. डिझेलवर चालणारी, पाच जणांची, आम्ही घेतली तेव्हाच दोन मालकांच्या हातून गेलेली. अर्धी माझी, अर्धी माझ्या मित्राची. तो सेनगाव तालुक्यात, गोरेगावच्या जवळच्या एका शाळेत शिक्षक आहे. त्याला सगळे मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. मी हिंगोलीत राहतो आणि एका दैनिकासाठी जिल्ह्याच्या बातम्या देतो. एक आठवडा गाडी त्याच्याकडे, एक आठवडा माझ्याकडे. अकरा वर्षं हे असंच चाललं.

गाडी देण्याघेण्याची एक पद्धत ठरलेली होती. रविवारी सकाळी आठ वाजता बस स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घ्यायचा, मग बाहेर येऊन बोनेट उघडायचं. दोघांनी मिळून ऑइलची पट्टी बघायची. घेणाऱ्याने विचारायचं, ‘सांगायचं काय?’ देणाऱ्याने आठवड्यात जे झालं असेल ते सांगायचं. ब्रेकचा आवाज येतो, डाव्या दाराची काच अडकते, मागच्या टायरचं पंक्चर काढलंय. पहिल्या वर्षी मास्तरने स्टेपनी पंक्चर असल्याचं सांगितलं नव्हतं आणि मी औंढ्याच्या घाटात अडकलो होतो, त्यानंतर हा नियम झाला. नियम मास्तरनेच केला. सांगितलेल्या बिघाडाबद्दल कोणी कोणाला बोल लावायचा नाही, हेही त्यानेच ठरवलं. माझ्याकडून एकदा पुढचा दिवा फुटला, त्याच्याकडून एकदा मागचं दार चेपलं. दोन्ही वेळी चहा संपायच्या आत विषय संपला.

ज्या रविवारबद्दल मी लिहितो आहे, त्या दिवशी गाडी त्याच्याकडून माझ्याकडे यायची होती. त्याने ती धुऊन आणली होती. ते नेहमीचंच, दोघेही गाडी धुऊनच देत असू. पण त्या दिवशी बोनेट उघडलं तर आत इंजिनही धुतलेलं. अकरा वर्षांत मी ते इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं.

‘क्या बात है मास्तर,’ मी म्हणालो. ‘पोरगी बघायला नेऊन राहिला का हिला?’

‘धूळ लई झालती. म्हणलं धुऊन टाकावं एकदा.’

पट्टी बघितली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत होतं. मी विचारलं, ‘सांगायचं काय?’

‘न्हाई. सगळं बराबर हाय.’

किल्ली देताना त्याने विचारलं, ‘उद्या नांदेड का?’ मी हो म्हणालो. माझ्या आईच्या उजव्या डोळ्याच्या पडद्यात पाणी साचतं. त्यासाठी नांदेडच्या दवाखान्यात ठरलेल्या दिवशी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागतं आणि दिवस चुकवू नका असं डॉक्टरांनी बजावलेलं आहे. मास्तरला हे माहीत होतं. त्या तारखा सांभाळूनच आम्ही आठवडे लावून घेतले होते.

‘आईला मागं बसव,’ तो म्हणाला. ‘समोर ऊन लागतं तिला.’

आई मागेच बसली. सोमवारी आम्ही सकाळी सात वाजता निघालो. कळमनुरीच्या पुढे तिने विचारलं, ‘काय जळून राहिलंय रे?’ मलाही वास येत होता. शेतात कुणीतरी पाचट पेटवलं असेल, असं मी सांगितलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कुठे धूर नव्हता, हे मला दिसत होतं. तरी मी तसं सांगितलं आणि पुढे गेलो. आखाडा बाळापूर मागे पडल्यावर ऑइलचा लाल दिवा एकदा लागून विझला. थोड्या अंतरावर तो पुन्हा लागला आणि तसाच राहिला. मी गाडी कडेला घेऊन बंद केली.

बोनेट उघडलं तर सायलेन्सरच्या पाइपावरून निळसर धूर निघत होता. पट्टी बाहेर काढली, तिला फक्त टोकाला ऑइल लागलेलं होतं. आदल्या दिवशी ते वरच्या खुणेवर होतं.

एका जीपवाल्याने ऑइलचा डबा आणून दिला. त्यात पाऊण तास गेला. त्यानंतर मी हळू, मध्ये दोनदा थांबून, पट्टी बघत गाडी चालवली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा त्या दिवसाची इंजेक्शनं संपली होती आणि डॉक्टर निघून गेले होते. पुढची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. आईच्या डोळ्याचं पुढे काय झालं, ते या उशिरामुळे झालं की नाही हे कोणी खात्रीने सांगू शकलं नाही. म्हणून ते मी इथे लिहीत नाही.

मंगळवारी गाडी मिस्त्रीकडे नेली. औंढा रस्त्यावर त्याचं गॅरेज आहे. त्याचे वडील याच जागेत विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे आणि आजोबा बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचे. आमची गाडी पहिल्यापासून त्याच्याकडेच जात होती.

मिस्त्रीने हत्यार हातात घेतलं नाही. आधी गाडीखाली खोक्याचा एक पुठ्ठा सरकवला आणि चहा मागवला. चहा होईपर्यंत पुठ्ठ्यावर काळे ठिपके पडले. एक पुढे, दोन मागे. त्याने बोट लावून पाहिलं, चोळलं, वास घेतला.

‘इंजन ऑइलच हाय. गेअरचं न्हाई, ब्रेकचं न्हाई.’

‘मग मागूनच गळत असेल. मागे जास्त आहे.’

‘तुमी पेपरवाले लई घाई करता, भाऊ.’ तो हसला. ‘तेल खाली पडतं ते दिसतं. निघतं कुठून ते दिसत न्हाई. वरून निघतं, खाली वघळतं, गाडी पळायला लागली का वारा त्याला मागं ढकलतो. म्हणून वरून बघत यायचं, खालून न्हाई.’

त्याने बॅटरीच्या उजेडात इंजिन बघितलं आणि त्याचं हसणं थांबलं.

‘इंजन कोन धुतलं?’

‘मास्तरने.’

‘काहून?’

‘धूळ झाली होती म्हणे.’

‘गाडी धुतेत लोकं,’ तो म्हणाला. ‘इंजन धुणारा मी तरी गाड्यांचा दलालच पाहिला. विकायच्या आधी धुतो तो.’

मिस्त्रीने इंजिनाला नव्याने लागलेलं तेल डिझेल आणि ब्रशने साफ केलं, हवा मारून कोरडं केलं. मग अंगाला लावायच्या पावडरचा डबा काढला, पातळ कापडाच्या पुरचुंडीत पावडर घेऊन ती सगळ्या इंजिनावर झटकली. इंजिन पिठाच्या गिरणीत ठेवल्यासारखं पांढरं झालं. आम्ही गाडी औंढा रस्त्यानेच थोडी पुढे नेऊन परत आणली आणि बोनेट उघडलं. पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली होती. ती टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या सगळ्यात वरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यातून निघून थेट सायलेन्सरच्या पाइपावर उतरत होती. जळका वास तिथला होता.

झाकण उघडल्यावर त्याने आतली रबराची पॅकिंग बाहेर काढली आणि माझ्यासमोर वाकवली. ती वाकली नाही. पापडासारखी मोडली.

‘मागच्या साली मीच बदलली ही,’ तो म्हणाला. ‘इतक्यात असं व्हत न्हाई.’

त्याने नवी पॅकिंग टाकली. बुधवारी पुन्हा साफसफाई, पुन्हा पावडर, पुन्हा तोच फेरा. या वेळी रेघ पुढून होती, फॅनच्या पट्ट्याच्या बाजूच्या ऑइल सीलमधून. गुरुवारी ते सील बदललं. पुन्हा पावडर मारली आणि तिसरी रेघ दिसली. ती बारीक होती. इंजिनाचं डोकं आणि खालचा ठोकळा जिथे एकमेकांवर बसतात, त्या सांध्यातून, मागच्या बाजूने. ती पाहून मिस्त्री मागे सरकला, हात पुसले आणि स्टुलावर बसला.

‘भाऊ, एका जागेवरून गळालं तर म्हणावं गाडी म्हातारी झाली. तीन जागंवरून एकाच हप्त्यात म्हंजे इंजन तापलेलं हाय. थोडं न्हाई, जबर. रबर कडक झालं, हेड वाकडं झालं. कधी तापली व्हती?’

‘माझ्याकडे नाही तापली. तापमानाचा काटा मधेच होता.’

‘तुमच्याकडं न्हाई. त्याच्या आधी.’

मग त्याने मला एकेक गोष्ट दाखवली. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या डब्याची एक बाजू फुगलेली होती. एका वायरची टोपी वितळून वाकडी झाली होती. रेडिएटरमध्ये हिरवं कूलंट असायला हवं होतं, तिथे नुसतं पाणी होतं. आणि वरचा होज पाइप नवा होता. त्याच्या क्लिपखाली सायकलच्या ट्यूबची एक पट्टी गुंडाळलेली होती.

‘हे माझं काम न्हाई,’ मिस्त्री म्हणाला. ‘ट्यूब घालून क्लिप आवळायची सवय या लाइनला एकाचीच. नांदेडच्या रस्त्याला, डोंगरकड्याला बसतो. माझ्या वालिदकडंच शिकला तो.’

त्याला आणखी काही म्हणायचं होतं असं वाटलं. मग तो म्हणाला, ‘मास्तरनं काट्याकडं बघितलं नसंल. व्हतं असं. पाइप फुटला, बदलून घेतला, बाकी त्यांना काय समजतंय.’

मलाही तेच हवं होतं. त्या रात्री मी त्याच्या बाजूने जे जे मांडता येईल ते मांडून पाहिलं. काटा बिघडला असेल. पाइप बदलणं ही त्याला सांगण्याइतकी मोठी गोष्ट वाटली नसेल. इंजिन खरंच धुळीने भरलं असेल. ऑइल नेहमीप्रमाणे वर केलं असेल. यातली प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर खरी असू शकत होती. मास्तर डीएड करत असताना दोन वर्षं आमच्या घरी जेवलेला माणूस होता. माझे वडील गेले तेव्हा खांदा द्यायला तो माझ्या पुढे उभा होता. प्रश्न एकच उरला होता. गाडी तापल्याचं त्याला रविवारी माहीत होतं की नव्हतं?

मी शुक्रवारी एसटीने डोंगरकड्याला गेलो. खरं सांगायचं तर तो निर्दोष असल्याचं ऐकायला गेलो.

गॅरेज रस्त्यालगतच होतं. तिथला मिस्त्री एका ट्रॅक्टरच्या खाली होता. मी गाडीचा रंग आणि नंबर सांगितल्यावर तो आडवा पडूनच बोलायला लागला.

‘व्हय, आल्ती. मागल्या गुरुवारी. मास्तर व्हते, चष्म्याला दोरी असलेले.’

‘काय झालं होतं?’

‘वरचा पाइप फुटलता. पाणी सगळं गेलं आन् गाडी तशीच दामटीत आणली. बोनेटला हात लावू देईना इतकी तापलेली. मी म्हणलं थांबा, थंड व्हऊ द्या. तर ते बाटलीनं गार पाणी वतायला लागले. म्या हात धरला त्यांचा. म्हणलं, गुरुजी, शाळेत लेकरायला हेच शिकवता का?’

‘मग?’

‘मग काय. पाइप टाकून दिला. बराबर सांगितलं बी, हेडला ताप लागलाय. आज दिसणार न्हाई. चार-पाच दिसांत तेल फेकायला लागंल, लांब नेऊ नका, खोलून घ्या.’

‘त्यांना समजलं का ते?’

‘न समजायला काय? दोनदा विचारलं त्यायनी, चार दिस का पाच दिस.’

तो ट्रॅक्टरखालून बाहेर आला. मला नीट पाहिलं.

‘तुमी कोन त्यांचे?’

‘गाडीत भागीदार आहे.’

त्याने चिंधीने हात पुसायला सुरुवात केली आणि बराच वेळ पुसत राहिला. ‘मग सांगू का नको तुमाला?’

‘सांगा.’

‘म्हणले, रविवारपर्यंत चालली म्हंजे झालं. पुढं दुसऱ्याची पाळी हाय.’

मी त्याला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. ही कामाची सवय आहे. त्याने तेच शब्द, त्याच क्रमाने सांगितले. परतीच्या बसमध्ये मी ते कागदावर लिहून ठेवलं, तारीख घातली. ते कशासाठी लिहिलं, हे मला तेव्हाही माहीत नव्हतं.

रविवारी मास्तर आठला आला. मी आधीच बसलो होतो. गाडी मिस्त्रीकडे आहे हे मी त्याला फोनवर कळवलं होतं, कारण सांगितलं नव्हतं. त्यानेही विचारलं नव्हतं. चहा आला. मी त्याला म्हणालो, ‘मागच्या रविवारचं काही सांगायचं राहिलं का?’

‘न्हाई. काहून?’

‘डोंगरकड्याला गेलो होतो.’

त्याने कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला, तो त्याने परत कपात ओतला. मग म्हणाला, ‘माझी चौकशी करायला?’

‘गाडीची.’

‘गाडीची चौकशी माझ्याकडं करायची व्हती बे. मी काय मेलो व्हतो? तू तिकडं जाऊन एका गॅरेजवाल्याला विचारतो, मास्तरनं काय केलं, मास्तर काय बोलला. बातमी करून राहिला का माझी? छापतो का आता?’

‘तुला विचारलं होतं. बोनेट उघडून. तू नाही म्हणालास.’

‘मला वाटलं निघंल एक हप्ता. पुढल्या खेपेला मीच करून घेणार व्हतो सगळं. तुला तकलीफ नको म्हणून न्हाई बोललो.’

‘सोमवारी आई बसणार होती गाडीत. तुला माहीत होतं.’

‘माहीत व्हतं म्हणून तर म्हणलं,’ तो आवाज चढवून बोलला, ‘मागं बसव तिला म्हणून.’

शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून पाहिलं. आपण काय बोललो हे त्याला कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं होतं. ऊन समोर लागतं म्हणून नव्हे, तर इंजिन समोर असतं म्हणून त्याने आईसाठी मागची जागा सुचवली होती. म्हणजे काही होऊ शकतं हे त्याने धरलं होतं, तेव्हा कोण कुठे बसलेलं असावं याचाही विचार केला होता, आणि तरीही किल्ली माझ्या हातात दिली होती. पुढे कोण बसणार होतं, हेही त्याला माहीत होतं.

‘ते तसं न्हाई,’ तो म्हणाला.

‘मग कसं?’

नांदेडच्या बाजूला तो त्या गुरुवारी कोणत्या घाईत निघाला होता, हे मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. मग तो म्हणाला, ‘तीस वर्षांचा दोस्त आहेस तू. तूच गेलास डोंगरकड्याला.’ हे म्हणताना त्याचा आवाज खरोखर दुखावलेला होता. मी ते नोंदवतो, कारण त्याची बाजू एवढीच होती आणि ती त्याला खरी वाटत होती. त्याच्या हिशेबी न सांगणं ही चूक होती. मागे जाऊन विचारणं हा दगा होता.

गाडी दुरुस्त झाली. मिस्त्रीने हेड उतरवून नांदेडला यंत्रावर सपाट करून आणलं, नवी गॅस्केट टाकली, पावडर मारून इंजिन आम्हाला दाखवलं. पांढऱ्यावर एकही रेघ नव्हती. तरी गाडी पुन्हा आमच्यात वाटली गेली नाही. महिन्याभरात आम्ही ती पुसेगावच्या एका भाजी व्यापाऱ्याला विकली. व्यवहाराच्या वेळी मास्तर आणि मी गाडीच्या दोन बाजूंना उभे होतो. व्यापाऱ्याने विचारायच्या आत मी त्याला सगळं सांगितलं. कधी तापली, कशाने तापली, काय बदललं, कोणी बदललं. मास्तर ऐकत होता. माझं झाल्यावर व्यापारी त्याच्याकडे वळून म्हणाला, ‘गुरुजी, तुमचं काय म्हणनं?’

‘हे म्हणतेत तसंच हाय,’ मास्तर म्हणाला. मला त्याने ‘हे’ म्हटलेलं ते पहिल्यांदा.

त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. हिंगोलीत दोनदा समोरासमोर आलो. एकदा त्याने मान हलवली, एकदा मी.

आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. गाडी जुनी झाली म्हणून विकली, एवढंच तिला माहीत आहे. नांदेडला आता आम्ही एसटीने जातो. तिला खिडकीची जागा मिळावी म्हणून लवकर निघतो. गेल्या खेपेला इंजेक्शन घेऊन परत येताना बस डोंगरकड्याला थांबली होती, फाट्यावर माणसं चढत होती. आई एका डोळ्यावर पट्टी लावून बसली होती. ती म्हणाली, ‘मास्तर काहून येऊन न्हाई राहिला घरी?’

‘शाळेत परीक्षा चालू आहेत.’

‘दिवाळीच्या आधी बी परीक्षाच व्हत्या म्हणला व्हतास.’

‘हो. एकामागून एक असतात आता.’

बस सुटली. कंडक्टर तिकिटं फाडत मागे गेला. आईने पदर डोक्यावर नीट ओढून घेतला आणि खिडकीकडे तोंड केलं.

‘त्याला म्हणावं,’ ती म्हणाली, ‘पेपर तपासून झाले का ये. जेवून जा म्हणावं.’

मी हो म्हणालो.